डोक्याच्या गोळीसोबत लघवीचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मेडिकल चालवतो, डी.फार्म झालेलो आहे. आपल्या पेपरात शेतकऱ्यांच्या टेन्शनबद्दल, डिप्रेशनबद्दल अधूनमधून छापून येते ते मी आवर्जून वाचतो आणि दुकानात आलेल्या लोकांनाही वाचायला देतो. २०१५ पासून शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा प्रेरणा प्रकल्प आला, १०४ नंबर आला, नंतर २०२२ मध्ये मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणारं टेलिमानस सुरू झालं, आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात, यामुळं जे लोक आधी बाबाबुवाकडं जायचे ते आता जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन येऊ लागले. हे फार चांगलं झालं आणि त्यात मागं फिरायला नको. पण या गोळ्यांचा एक परिणाम असा आहे की त्याबद्दल लिहून देणारा विचारत नाही, देणारा सांगत नाही आणि घेणारा लाजेपायी बोलत नाही, तो म्हणजे लघवी. कोणाची अडकते, कोणाची सुटते, आणि मग माणूस कोणाला न सांगता गोळी बंद करून टाकते. त्यावर लिहायचं म्हणून हे पत्र, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. लोकांना वाटते डोक्याच्या गोळ्या म्हणजे फक्त मन बिघडलेल्या माणसाच्या. माझ्या काउंटरवर ज्या चिठ्ठ्या येतात त्यात ॲमिट्रिप्टिलिन १० किंवा २५, ड्युलोक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन ही नावं खूप असतात, पण त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या उदासपणाच्या नसतातच. शुगरमुळं तळपाय जळजळतात, कंबरेपासून पायात कळ जाते, अर्धशिशी आहे, झोप येत नाही, त्याच्यासाठी यातल्याच ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशा गोळ्या देतात आणि त्यात चूक काहीच नाही, शास्त्राला धरून आहे. गावात त्याला ‘नसेची गोळी’ म्हणतात. आता नसेची गोळी म्हटल्यावर लघवीशी तिचा काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

आमच्या गावचे एक म्हातारे काका आहेत, कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. तळपायाची आग होते म्हणून कुठल्यातरी डॉक्टरकडून ॲमिट्रिप्टिलिन घेऊन आले. त्याच्या आधीपासून त्यांना प्रोस्टेटचा त्रास, त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरची टॅम्सुलोसिन चालू होती, पण ती या डॉक्टरांना माहीतच नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि काकांना सांगायचं सुचलं नाही. त्यात सर्दी झाली तर किराणा दुकानातून सर्दीची गोळी आणून खाल्ली. संध्याकाळी त्यांचा मुलगा गाडीवर बसवून त्यांना माझ्याकडं घेऊन आला, काका वाकून उभे, ओटीपोट हाताला टणक लागत होतं, म्हणाले, “भाऊ, लघवी उतरूनच नाही राहिली, सकाळपासून थेंब नाही.” मुलानं कॅरीबॅग माझ्यासमोर उलटी केली. त्यात तीन पट्ट्यांचे तुकडे होते, कात्रीनं असे कापलेले की एकावरही औषधाचं पूर्ण नाव राहिलं नव्हतं, एकावर फक्त ‘१० मि.ग्रॅ.’ आणि दुसऱ्यावर एक्सपायरीचे अर्धे आकडे. मी गोळीच्या रंगावरून आणि आकारावरून अंदाज केला आणि लगेच दवाखान्यात पाठवलं. तिथं नळी टाकली तर नळीला जोडलेली प्लास्टिकची पिशवी जवळपास भरली. काका आज बरे आहेत, पण रात्रभर घरीच थांबले असते तर किडनीवर आलं असतं.

आता हे होते कसं ते मला समजते तेवढं सांगतो, कारण कारण कळलं की माणूस घाबरत नाही आणि लाजतही नाही.

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय, ही स्नायूची पिशवी आहे, तिच्या भिंतीतल्या स्नायूला डिट्रुसर म्हणतात. साधारण दीडशे-दोनशे मिली भरलं की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशे मिलीपर्यंत ती धरून ठेवते. खाली वॉल्व आहे, तो आपल्या ताब्यात असतो. साठवताना पिशवी सैल आणि वॉल्व बंद पाहिजे, लघवी करताना पिशवी आवळली पाहिजे आणि वॉल्व उघडला पाहिजे. विहिरीवरची मोटर चालू करायची आणि त्याच वेळी वॉल्व खोलायचा, तसंच हे, दोन्हीचा मेळ बसला तर पाणी येते, नाही बसला तर मोटर नुसती घरघरते. पिशवी आवळायचा हुकूम नसेच्या टोकातून सुटणाऱ्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनानं मिळतो, ते स्नायूवरच्या एम३ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसते आणि स्नायू आकुंचन पावतो. माणसाच्या मूत्राशयात मुख्य काम याच रसायनाचं आहे.

आता वर सांगितलेल्या गोळ्या शरीरात सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा जोर वाढवतात, मग त्याचा लघवीशी काय संबंध? सेरोटोनिन १९४८ मध्ये अमेरिकेत रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून वेगळं काढलं, तेव्हा ते शोधत होते रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ, मनाचा विषयच नव्हता. आजही लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात असते, मेंदूत अगदी थोडं. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये असते, मूत्रमार्गाच्या आणि प्रोस्टेटच्या अस्तरातल्या काही पेशींमध्येही असते. म्हणजे मूत्राशयाच्या शेजारीच ते बसलेलं आहे.

१९९० च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या मूत्राशयाच्या बारीक पट्ट्या घेतल्या. अशा प्रयोगात त्या पट्ट्या मिठाच्या कोमट द्रावणात, ऑक्सिजन सोडून, ताणून लटकवतात, बारीक विजेचे झटके देतात म्हणजे आतल्या नसा जाग्या होतात आणि पट्टी आवळते, किती जोरात आवळली ते मोजलं जाते. त्या द्रावणात थोडं सेरोटोनिन टाकलं तर त्याच झटक्याला पट्टी आधीपेक्षा जास्त जोरात आवळली. कारण असं निघालं की नसेच्या टोकावर ५-एचटी४ नावाचे रिसेप्टर आहेत, सेरोटोनिन त्यावर बसलं की नसेतून ॲसिटिलकोलीन जास्त सुटते. तो रिसेप्टर औषधानं बंद केला की ही वाढ थांबते. म्हणजे सेरोटोनिन इथं स्वतः स्नायू ओढत नाही, ओढणाऱ्याचा जोर वाढवते. मला हे वाचून फार नवल वाटलं, कारण पोटासाठी मी रोज विकतो त्या मोसाप्राईड, लेव्होसल्पिराईड, मेटोक्लोप्रामाईड या गोळ्या याच ५-एचटी४ वरही काम करतात. सिसाप्राईड म्हणून एक गोळी आधी खूप चालायची, तिच्याही बाबतीत मूत्राशयाच्या पट्टीवर हाच परिणाम दिसला होता. हृदयाचे ठोके बिघडवते म्हणून ती अमेरिकेत २००० मध्ये बाजारातून काढली आणि आपल्याकडं २०११ मध्ये बंदी आली. तर मुद्दा असा की ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडून दिलेल्या औषधाचाही लघवीच्या पिशवीशी संबंध असू शकतो. म्हातारपणी आधीच लघवीची घाई असलेल्या माणसाला ती घाई अशा गोळीनंतर वाढली असं वाटलं तर ते डॉक्टरच्या कानावर घातलं पाहिजे, त्याला वेड्यात काढू नये. 

इथपर्यंत गोष्ट पिशवीची झाली. पण पाठीच्या कण्यात खाली, माकडहाडाच्या वर जो भाग आहे तिथं नसांचा एक गठ्ठा आहे, ओनुफ नावाच्या डॉक्टरनं १८९९ मध्ये तो दाखवला, तिथून खालचा वॉल्व आवळून धरायचा हुकूम निघतो. तिथं सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन नावाचं दुसरं रसायन वाढलं की वॉल्व घट्ट बसतो. ड्युलोक्सेटिन हेच करते. म्हणून युरोपात २००४ पासून खोकलताना, शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायांसाठी या औषधाला मान्यता आहे. अमेरिकेत या कामासाठी ती मिळालेली नाही, तिथं ते डिप्रेशन आणि नसेच्या दुखण्यासाठी वापरतात, आपल्याकडंही मुख्यतः तसंच. आता ज्याचा वॉल्व आधीच प्रोस्टेटनं दाबलेला आहे त्याला तळपायाच्या आगीसाठी ड्युलोक्सेटिन दिलं तर त्याला लघवी सुरू व्हायला वेळ लागू शकतो, जोर लावावा लागू शकतो, कधी अडकूही शकते. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असते, पण ते बारीक अक्षरातलं आणि इंग्रजी, वाचते कोण?

ॲमिट्रिप्टिलिनची तऱ्हा आणखी वेगळी. ती सेरोटोनिन वाढवते हे खरं, पण सोबतच ॲसिटिलकोलीनची वाट अडवते, म्हणून तोंड कोरडं पडते, संडास घट्ट होते आणि पिशवीचा जोर कमी होतो. तिच्याच घराण्यातली इमिप्रामिन लहान पोरांच्या अंथरूण ओलं करण्यावर वापरतात ती याचसाठी, म्हणजे पोराला जे औषध ठरते तेच आजोबाला अडचण ठरू शकते. त्यात सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटदुखीचं डायसायक्लोमाईन, हीसुद्धा त्याच वाटेवर अडथळा टाकतात, आणि सर्दीच्याच गोळीतलं फिनाइलेफ्रिन पिशवीचं तोंड आवळते. एकेक गोळी एकटी चालून गेली असती, दोन-तीन मिळून माणूस अडकते. अंगदुखीवर दिलं जाणारं ट्रॅमाडॉलही सेरोटोनिन वाढवणारं आहे आणि त्यानंही लघवी तुंबू शकते, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

आणि फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, यांचं दोन्ही बाजूनं ऐकायला मिळते. काहींना लघवीला जोर लावावा लागतो, काहींची, जास्त करून वयस्कर माणसांची, सुटते. बहुतेकांना काहीच होत नाही हेही ठासून सांगतो. एकच रसायन पिशवीजवळ एक काम करते, कण्यात दुसरं करते, मेंदूत तिसरं करते, वर प्रत्येकाचं वय, प्रोस्टेट, शुगर, बाळंतपणं वेगवेगळी, म्हणून एकाला असं आणि दुसऱ्याला तसं होते.

बायांचं तर आणखी अवघड आहे. आमच्याकडं वेचणीच्या दिवसात बाया सकाळी शेतात जातात त्या दुपार टळल्यावर येतात, आडोसा नसते म्हणून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, त्यानं इन्फेक्शन होते ते वेगळंच. एक ताई उदासपणाच्या गोळ्या न्यायला यायची बंद झाली, खूप दिवसांनी सासूच्या बीपीच्या गोळीसाठी आली तेव्हा मी सहज विचारलं की तुमची गोळी का नेत नाही. दुकानात कोणी नाही हे पाहून ती हळू आवाजात म्हणाली, “काय सांगू जी दादा, शिंकली का सुटते, ओझं उचललं का सुटते, लुगडं वलं होते. तुम्हाले कसं सांगाव अन् डॉक्टरले कसं सांगाव. म्हणून सोडली गोळी.” आणि गोळी सोडल्यावर काय झालं तर चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं, रात्र रात्र झोप नाही, आणि जे रडू थांबलं होतं ते परत सुरू. तिला पुन्हा डॉक्टरकडं पाठवलं, तिनं आशाताईला सोबत घेऊन सगळं सांगितलं, डॉक्टरनं गोळी बदलून दिली. दोन वाक्यं बोलायला तिला इतके महिने लागले, आणि ज्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात ठेवलेलं असते त्या घरात असे महिने जाणं मला फार भीतीचं वाटते. माझी कळकळ आहे ती यासाठीच.

म्हणून डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती आहे, ओपीडीत गर्दी असते हे मला दिसते, तरीही यातली कोणतीही गोळी लिहिण्याआधी इतकंच विचारा की लघवीची धार कशी आहे, रात्री किती वेळा उठावं लागते, खोकलल्यावर सुटते का, आणि अजून कोणाकोणाच्या गोळ्या चालू आहेत. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला तर विचाराच. शंका आली तर लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत कळते, पन्नास मिलीच्या आत उरली तर ठीक, दोनशेच्या वर उरत असली तर विचार करावा लागते. आणि दुसऱ्या वेळी माणूस आला की त्यानं सांगायची वाट न पाहता आपणच विचारा, कारण तो सांगणार नाही. बाईला बाईनं विचारलं तर लवकर सांगते, आशाताईंच्या विचारपुशीत हा एक प्रश्न घातला तर त्यांचं काम फारसं वाढणार नाही.

माझ्या मेडिकलवाल्या भावांना सांगतो, पाच गोळ्या द्यायच्या असल्या तरी पट्टी अशी कापा की नाव आणि एक्सपायरी गिऱ्हाईकाकडं जाईल, नाही जमलं तर पाकिटावर पेनानं मराठीत नाव लिहून द्या. ॲमिट्रिप्टिलिन देताना समोरच्या काकांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे का एवढं विचारायला किती वेळ लागते? आणि किराणा दुकानात सर्दीच्या गोळ्या विकणं थांबलं पाहिजे, ज्या माणसानं काय विकलं हेच त्याला माहीत नाही त्यानं ते विकू नये.

आता ज्या कोणी हे वाचून घरातली गोळी फेकायचा विचार केला असेल त्यांच्यासाठी. गोळी मनानं बंद करू नका. लघवीचा त्रास दरवेळी गोळीचाच असतो असं नाही, शुगर वाढली तरी लघवी वारंवार येते, इन्फेक्शन असलं तर जळजळ आणि ताप येतो, मुतखडा असू शकते, बद्धकोष्ठानंही लघवी अडते, प्रोस्टेट तर आहेच. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर थोड्याच दिवसात त्रास सुरू झाला असेल तर ती तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, डोस कमी करता येते, हळूहळू सोडवता येते, दुसरी गोळी देता येते. सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, एका पिशवीत टाकून सोबत न्या. पण सहा-आठ तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखत असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. लघवी अडण्यासोबत दोन्ही पायातली ताकद गेली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर तो कण्याचा मामला असू शकते, त्यात तर एक तासही घालवू नका.

अजून एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. औषधाचा दुष्परिणाम झाला तर त्याची नोंद करायची सरकारी व्यवस्था आपल्या देशात २०१० पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून ती चालते, आणि त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. डॉक्टरच पाहिजे असं नाही, पेशंट किंवा त्याच्या घरचा माणूसही कळवू शकतो. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधून नोंदी जातात, आमच्यासारख्या खेड्यातल्या काकाची लघवी कोणत्या गोळ्यांनी अडली हे वर कोणाला कळणार, जर आम्ही कळवलंच नाही तर? काकांच्या मुलाला मी तो फोन लावून दिला, गोळ्यांची नावं मीच सांगितली.

संपादक साहेब, आपल्या आरोग्याच्या पानावर जागा असेल तेव्हा हा नंबर आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर एकाखाली एक, मोठ्या अक्षरात, चौकटीत छापावा ही विनंती. मी ती चौकट कापून दुकानाच्या काचेवर लावीन आणि आजूबाजूच्या गावातल्या मेडिकलवाल्यांनाही लावायला सांगीन.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकल चालक, जि. यवतमाळ